सनमायकावर गोणपाट: एआरमध्ये दिसणारा पोत बोटालाही कसा जाणवून द्यायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना खरेदीदाराचा हात बघा. ढिगातलं एक हळकुंड उचलतो, उजेडाकडे धरतो, त्यावर अंगठा फिरवतो आणि मग मोडून आतला रंग बघतो. पॉलिश कितपत झालंय याचा निकाल डोळा आणि अंगठा मिळून देतात. नुसता फोटो पाठवला तर कोणी भाव बोलणार नाही.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, आज बहुतेक ठिकाणी त्या फोटोइतकीच अर्धी आहे. टेबलावर संगमरवर दिसतो, पण हात लावला की टेबलच लागतं. त्या टेबलाला संगमरवराचा, गोणपाटाचा किंवा घोंगडीचा पोत स्पर्शातही कसा द्यायचा, ते इथे पहिल्यापासून सांगतो. हे लिहितोय ते डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलामुलींसाठी. थोडंफार पायथन येत असेल आणि सोल्डरिंगची भीती नसेल तर पुरे.

आपण बनवणार आहोत ते असं: टेबलावर गुळगुळीत सनमायकाचा तुकडा, त्यावर रोखलेला कॅमेरा, आणि पडद्यावर त्या सनमायकाच्या जागी गोणपाट. तर्जनीच्या नखावर एक छोटा कंपक बांधलेला. बोट सनमायकावर सरकलं की कंपक अशा हिशोबाने थरथरतो की बोटाखाली खरंच विणलेलं काही आहे असं वाटावं. बोटाचं पेर उघडंच राहतं, त्यामुळे खऱ्या वस्तूचा कठीणपणा आणि दाब जसाच्या तसा कळतो. आपण त्यात फक्त पोत मिसळतो.

माझं ठाम मत आहे की या कामात बोट आधी आणि चित्र नंतर. नवखी मुलं त्रिमितीय मॉडेल सजवण्यात महिना घालवतात आणि कंपन शेवटच्या दोन दिवसांत चिकटवतात. मग स्पर्श खोटा वाटतो आणि दोष मोटरला दिला जातो. खरं तर कंपन हुबेहूब नसलं तरी चालतं. ते बोटाच्या वेगाशी आणि डोळ्याला दिसणाऱ्या क्षणाशी जुळलं पाहिजे, एवढी अट मात्र पाळावीच लागते.

बोटाला पोत कळतो कसा

हार्डवेअरच्या दुकानातून ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर आणा. डोळे मिटून बोट नुसतं टेकवा, सरकवू नका. दोन्हींत फरक सांगणं फार अवघड जाईल. आता बोट फिरवा. फरक लगेच लागेल. डेव्हिड कॅट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये स्पर्शावर लिहिताना नेमकं हेच मांडलं होतं: जाडाभरडा पोत त्वचेवर पडणाऱ्या ठशावरून कळतो, आणि बारीक पोत बोट सरकताना उठणाऱ्या कंपनांवरून. पुढच्या संशोधनाने या दोन्हींची सीमा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आसपास धरली आहे.

त्वचेतही यासाठी वेगवेगळे संवेदक आहेत. मर्केल पेशी दाब आणि आकार टिपतात. माइस्नरचे संवेदक साधारण १० ते ५० हर्ट्झच्या हालचालींना जागे होतात. खोलवर बसलेले पॅसिनियन संवेदक २५० हर्ट्झच्या आसपास सगळ्यांत तल्लख असतात, इतके की कंपन नखावर किंवा मधल्या पेरावर दिलं तरी ते त्यांना पोचतं. आपला कंपक पेराखाली न बांधता नखावर बांधता येतो, तो यांच्याच भरवशावर.

सुसान लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी यांनी १९८७ मध्ये माणसं वस्तू हाताने कशी पारखतात याची नोंद केली. पोत बघायचा असेल तर माणूस बोट आडवं घासतो, कठीणपणा बघायला दाबतो, थंड-गरम बघायला हात नुसता टेकवून ठेवतो. आपल्या मांडणीत समोरच्याने बोट घासणं अपेक्षित आहे, तर त्याला घासायला पुरेशी जागा द्या. सनमायकाचा तुकडा वहीच्या पानापेक्षा लहान घेऊ नका.

पोत निवडायचे ते हात लावता येतील असेच

इंटरनेटवरून सुंदर पोत उतरवून घेण्याचा मोह होतो. सुरुवातीला तो टाळा. ज्याला स्वतः हात लावता येत नाही, त्याचं कंपन बरोबर झालंय की नाही हे ठरवणार कशावरून? सांगली-मिरजेत हाताशी चांगले नमुने आहेत:

गोणपाट. हळदीच्या बारदानाचा तुकडा कुणीही देईल. विणीचं अंतर ठळक, फूटपट्टीने मोजता येतं. पहिला नमुना हाच घ्या.

हळकुंडं, बिनपॉलिशची आणि पॉलिशची. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये फिरवली की वरची खरबरीत साल झडते. एकच वस्तू, एकच रंग, आणि स्पर्श मात्र दोन टोकांचा. तुलनेच्या चाचणीला यासारखी जोडी मिळणार नाही.

घोंगडी. यात लोकरीचे उभे केस आहेत, त्यामुळे नवख्याला ही अवघड जाते. शेवटी घ्या.

कृष्णेच्या घाटावरचा काळा दगड. हा घरी आणायचा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तिथेच फोटो आणि नोंद घ्यायची.

मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा. सतारमेकर गल्लीत कारागिरांना आधी विचारा, वाद्याला न विचारता हात लावू नका. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर डोळ्याला रेषा आणि डाग दिसतात, पण बोटाला तो गुळगुळीत लागतो. डोळा आणि बोट वेगळं सांगतात अशी ही जागा आहे, आणि चित्राकडे वळलो की तिची गरज पडणार आहे.

प्रत्येक नमुन्यासाठी वहीत चार गोष्टी लिहा: उंचवट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, अंतर सारखं आहे की विस्कळीत, बोट अडकतं की घसरतं, आणि आपल्या भाषेत त्याला काय म्हणाल. खरखरीत, रवाळ, चरचरीत, निसरडं, लुसलुशीत हे शब्द पुढे चाचणीत प्रश्न विचारताना उपयोगी पडतात. घरातल्या आजीला "पृष्ठभागाची खडबड किती?" असं विचारलं तर ती बुचकळ्यात पडेल. "आजी, यातलं जास्त खरखरीत कुठलं लागतंय?" असं विचारलं की उत्तर तयार असतं.

सामान

कंपक निवडताना सगळ्यांत जास्त विचार करा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी नाण्याएवढी व्हायब्रेटर मोटर स्वस्त असते, पण तिच्यात एक वजन फिरत असतं. व्होल्टेज वाढवलं की जोर आणि वारंवारता दोन्ही एकदम वाढतात, शिवाय तिला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. पोतासाठी ती उपयोगाची नाही. एलआरए नावाचा दुसरा प्रकार चटकन चालू-बंद होतो, पण आपल्या एका ठरलेल्या वारंवारतेलाच नीट वाजतो. आपल्याला हवा व्हॉइस कॉइल प्रकारचा, म्हणजे स्पीकरच्या तत्त्वावर चालणारा. बोन कंडक्शनचा छोटा ट्रान्सड्युसर नवख्यासाठी उत्तम. त्याला आवाजासारखा कुठलाही सिग्नल दिला की तो तसाच थरथरतो.

तो चालवायला पीएएम८४०३ हा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड पुरतो. ५ व्होल्टवर चालतो, शंभर रुपयांच्या आत मिळतो. जोडताना एक काळजी घ्या: त्याच्या आउटपुटची उणे तार ग्राउंडला जोडायची नाही. त्याची दोन्ही टोकं स्वतंत्रपणे चालवली जातात, ग्राउंडला लावलीत तर आयसी जळू शकते.

मायक्रोकंट्रोलर सुरुवातीला नकोच. लॅपटॉपला साधं यूएसबी साउंड कार्ड लावा, ज्याला हेडफोन आणि माइक अशा दोन वेगळ्या खाचा असतील. हेडफोनची बाजू ॲम्प्लिफायरकडे, आणि माइकच्या खाचेत एक पिएझो चकती, म्हणजे थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारी पातळ चकती, जी सनमायकाच्या खालून चिकटवायची. ती कशासाठी ते पुढे येतं. याशिवाय यूएसबी वेबकॅम, वेलक्रोची अरुंद पट्टी, आणि हिरव्या रंगाचा मॅट सनमायका. चकचकीत घेऊ नका, दिव्याची तिरीप कॅमेऱ्यात येते.

कंपक पट्टीने नखावर बसवा. पट्टी इतकीच घट्ट की बोट पांढरं पडणार नाही. तारेला मनगटापाशी एक सैल वळसा देऊन चिकटपट्टी लावा, म्हणजे बोट फिरवताना तार ओढली जात नाही.

कंपन: सगळा हिशोब वेगाचा

इथे थांबून नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

बोट सेकंदाला १०० मिलिमीटर सरकतंय आणि उंचवटे १ मिलिमीटर अंतरावर आहेत, तर बोटाखालून सेकंदाला १०० उंचवटे जातात. म्हणजे १०० हर्ट्झचं कंपन. वेग निम्मा झाला की ५० हर्ट्झ. बोट थांबलं की शून्य. वारंवारता म्हणजे वेग भागिले अंतर. बहुतेक नवख्यांची थरथर खोटी वाटते ती एवढ्यासाठीच की बोट हळू फिरो वा जलद, मोटर एकाच सुरात वाजत राहते.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाजूला ठेवा. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट फिरवा, तिथून जागा वाचा आणि कंपकाला सिग्नल द्या. टचपॅड बोटाची जागा कॅमेऱ्यापेक्षा लवकर सांगतो आणि बोट टेकलंय की नाही हेही सांगतो. कंपनाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, इथेच पक्का करून घ्या. पॉइंटरचं ॲक्सिलरेशन सेटिंगमधून बंद करायला विसरू नका, नाहीतर वेगाचा हिशोब वाकडा होतो.

पायथनमध्ये साउंडडिव्हाइस ही लायब्ररी घ्या. दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि एका ब्लॉकमध्ये २५६ नमुने धरले तर प्रत्येक ब्लॉक ५.८ मिलिसेकंदांचा होतो. प्रत्येक ब्लॉकसाठी बोट कुठून कुठे गेलं ते बघा, मधल्या जागा भरून काढा, आणि लाटेची अवस्था जागेवरून ठरवा: जागा भागिले अंतर, गुणिले २π. वेळेवरून वारंवारता काढून दर ब्लॉकला नवी साइन लाट सुरू केलीत तर सांध्यांवर टकटक लागेल. जागेवरून काढली की लाट अखंड राहते आणि बोट उलटं फिरलं तरी पोत जिथल्या तिथे असतो.

मग त्यात थोडा विस्कळीतपणा घाला. उंचवट्यांचं अंतर दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे हलवा, जोरही तसाच. अगदी सारखं ठेवलं तर कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवल्यासारखं लागतं. बिनपॉलिशच्या हळकुंडासाठी वर हलकी खरखर, म्हणजे गाळून घेतलेला यादृच्छिक आवाज, मिसळा. सिग्नल ५०० हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे त्वचेला फारसं कळत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

हळकुंडाची कडी, म्हणजे त्याच्या अंगावरचे आडवे कंगोरे, वेगळा प्रश्न उभा करतात. ती ५ मिलिमीटरवर धरली आणि बोटाचा वेग सेकंदाला ५० मिलिमीटर धरला, तर १० हर्ट्झ होतात. एवढं खालचं कंपन हा छोटा ट्रान्सड्युसर देऊच शकत नाही. तेव्हा प्रत्येक कड्याच्या जागी १५० हर्ट्झचा एक छोटा, पटकन विरणारा ठोका द्या. बोटाला दर कड्यावर एक ठेच लागते आणि मेंदू त्यातून जाड पोत उभा करतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायची सवय लावा: जाड भाग ठोक्यांनी, बारीक भाग सलग कंपनाने.

खऱ्या वस्तूशी ताडून बघायचं असेल तर दुसरी पिएझो चकती जुन्या रिफिलच्या टोकाजवळ चिकटवा, ती रिफिल गोणपाटावरून एकसारख्या वेगाने ओढा आणि ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. आलेख बघितला की कुठल्या वारंवारतेला जोर आहे ते दिसतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेदर कल्बर्टसन आणि कॅथरीन कुखेनबेकर यांच्या गटाने १०० पोतांच्या अशाच नोंदी आणि त्यांची मॉडेलं २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. पुढे जायचं असेल तर तो संच जरूर बघा.

बोट टेकलंय की हवेत आहे

कॅमेऱ्याकडे वळलात की हा प्रश्न लगेच येतो. गूगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या चित्रातून हाताचे २१ बिंदू देतं. त्यात ८ क्रमांकाचा बिंदू म्हणजे तर्जनीचं टोक. पण बोट पृष्ठभागापासून २ मिलिमीटर वर आहे की टेकलंय, हे वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला सांगता येत नाही. हवेत बोट फिरताना कंपन आलं की सगळा विश्वास एका क्षणात जातो.

म्हणून ती खालची पिएझो चकती. मॅट सनमायकावर बोट घासलं की सूक्ष्म आवाज होतो, तो ती पकडते. अडचण अशी की कंपकाचं कंपनही बोटातून सनमायकात उतरतं आणि चकतीला तेही ऐकू येतं. मग कंपक स्वतःलाच चालू ठेवत बसतो. उपाय सोपा आहे: माइकचा सिग्नल १,००० हर्ट्झच्या वरचाच घ्या. आपलं कंपन ५०० च्या खाली आहे, घासण्याचा आवाज त्याच्या बराच वर पसरलेला असतो. दोघांची वाट वेगळी झाली.

कॅमेऱ्यातून येणारी बोटाची जागा थोडी थरथरते, आणि तीवरून काढलेला वेग तर फारच उड्या मारतो. त्यासाठी वन युरो फिल्टर वापरा. २०१२ मध्ये मांडलेला हा फिल्टर बोट हळू असताना जास्त गुळगुळीत करतो आणि जलद असताना कमी, त्यामुळे उशीर वाढत नाही. काही ओळींचा आहे, स्वतः लिहून बघा.

चित्र

नमुन्याचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा. पडद्यावर विणीचं अंतर आणि कंपनातलं अंतर एकच हवं. डोळ्याला ३ मिलिमीटरची वीण दिसतेय आणि बोटाला १ मिलिमीटरची लागतेय, तर ते कुणाला सांगता येणार नाही, पण "काहीतरी चुकतंय" असं प्रत्येकजण म्हणेल.

आता तानपुऱ्याचा भोपळा आठवा. फोटोतला गडद भाग म्हणजे खोल आणि उजळ भाग म्हणजे उंच, असं धरून कंपन काढणारे पुष्कळ आहेत. भोपळ्यावरचे डाग गडद आहेत म्हणून ते खड्डे ठरत नाहीत. रंग आणि उंची वेगळी काढायला हवी. कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवा, खोलीत अंधार करा, आणि टॉर्च चार बाजूंनी तिरपा धरून चार फोटो घ्या. सावली बदलते तिथे उंचवटा आहे, बदलत नाही तिथे नुसता रंग. याच कल्पनेवर रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० मध्ये फोटोमेट्रिक स्टिरिओ ही पद्धत मांडली. तयार चित्रं हवी असतील तर पॉली हेवन आणि ॲम्बियंटसीजी या संकेतस्थळांवर रंग, उंची आणि नॉर्मल मॅप (पृष्ठभागाच्या उताराची दिशा सांगणारं चित्र) वेगवेगळे मोफत मिळतात.

चित्र जागेवर बसवायला सनमायकाच्या चार कोपऱ्यांत अरुको मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोनी ठसे, छापून चिकटवा. ओपनसीव्ही ही चित्रं हाताळणारी लायब्ररी ते ओळखते आणि तिरक्या चौकोनावर चित्र बरोबर ताणून बसवते. इथे हिरव्या सनमायकाचा खरा उपयोग होतो. चित्र सरसकट वरून चढवलं तर ते बोटावरही चढतं, बोट पोताखाली बुडालेलं दिसतं आणि भास मोडतो. फक्त हिरव्या भागाच्याच जागी पोत भरा. बोट हिरवं नाही, म्हणून ते आपोआप वर राहतं. त्याच्या पुढची पायरी माझी आवडती आहे: हिरव्याची मूळ चमक पोताच्या चमकेला गुणा. बोटाची सावली सनमायकावर पडते तिथे हिरवा गडद होतो, तोच गडदपणा आता गोणपाटावर उतरतो. बोटाची सावली गोणपाटावर पडलेली दिसली की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो. त्या एका गुणाकाराने जेवढं साधतं तेवढं महागड्या ग्राफिक्स कार्डाने साधत नाही.

हात जिथे आहे तिथेच दिसावा म्हणून जुना सपाट मॉनिटर हाताच्या वर, दोन्ही बाजूंना विटा रचून तिरका ठेवा आणि वेबकॅम त्याच्या पाठीला खाली बघत चिकटवा. खाली एक एलईडी पट्टी लावा, अंधार नको. पारदर्शक दृश्य देणारा हेडसेट मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यावाचून अडत नाही. मोबाईल हातात धरून त्याचंच व्हायब्रेशन वापरण्याचा जुगाड मात्र करू नका: एका हाताचं बोट फिरतं आणि थरथर दुसऱ्या हातात येते.

वेळ जुळवणं

बोटाची हालचाल आणि कंपन यांत ४० ते ६० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की लोकांना ते कळायला लागतं. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेला. रिझोल्युशन कमी करून ६० फ्रेमवर चालणारा वेबकॅम घ्या. मीडियापाइप आणि आवाज वेगवेगळ्या थ्रेडमध्ये चालवा. आवाजाच्या कामाने कॅमेऱ्याची वाट बघत कधीच थांबता कामा नये.

उशीर अंदाजाने ठरवू नका, मोजा. मोबाईल सनमायकावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि चाचणीपुरतं असं करा की बोट आपटताच कंपक वाजेल. ऑडॅसिटीत आपटण्याचं टोक आणि कंपनाची सुरुवात यांतलं अंतर थेट वाचता येतं. कॅमेऱ्याचा उशीर वेगळा मोजायला मोबाईलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन वापरा: खरं बोट आणि पडद्यावरचं बोट एकाच व्हिडिओत घ्या आणि दोघं हलायला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद.

डोळ्याचं किती, बोटाचं किती

मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी २००२ मध्ये नेचर या नियतकालिकात दाखवलं की मेंदू दोघांचं ऐकतो, पण ज्याचं सांगणं त्या वेळी जास्त खात्रीचं, त्याला जास्त वजन देतो. त्यांच्या प्रयोगात उंचवट्याची उंची ओळखायची होती. चित्र मुद्दाम धूसर करत नेलं तसतसा लोकांचा कल हाताकडे झुकत गेला.

हिशोब सोपा आहे. समजा डोळ्याच्या अंदाजातली चूक २ एकक आहे आणि बोटाची १. दोघांचे वर्ग ४ आणि १. त्यांचे व्यस्त ०.२५ आणि १. वजन निघालं डोळ्याला २० टक्के, बोटाला ८०. आणि दोघांच्या मिळून अंदाजात चूक साधारण ०.९ राहते, म्हणजे एकट्या बोटापेक्षाही कमी.

याचा आपल्याला व्यवहारी फायदा असा की स्वस्त कंपकाची उणीव चित्र काही अंशी भरून काढतं. उंचवट्यांची दाटी ओळखण्यात डोळ्याचा हात वरचढ असतो, खरखर ओळखण्यात बोटाचा. म्हणून वीण किती अंतरावर आहे हे चित्रात स्पष्ट दाखवा आणि कंपनाची सगळी मेहनत खरखरीवर घाला.

माणसांवर चाचणी

स्वतःच्या बोटावर भरवसा ठेवू नका. तुम्हाला काय लागायला हवं हे आधीच माहीत असतं. घरचे, शेजारचे, यार्डातले काका, सगळ्यांना बसवा. काय करणार आहोत ते आधी सांगा, नको म्हणाले तर आग्रह नको. ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा.

आधी प्रत्येकाला एक नॉब द्या: "मावशी, बोट फिरवत राहा आणि गोणपाटासारखं लागेपर्यंत हे बटण फिरवा." त्यांनी थांबवलेला जोर हाच त्यांच्यासाठी वापरा. वयोमानाने स्पर्श मंदावतो, शेतात काम करणाऱ्या हातांना घट्टे असतात. सगळ्यांना एकच जोर लावला तर निकाल हाताचा येईल, मांडणीचा येणार नाही.

मग दोन-दोन पोत एकापाठोपाठ द्या आणि फक्त एवढंच विचारा की जास्त खरखरीत कुठलं. कधी नुसतं चित्र, कधी नुसतं कंपन, कधी दोन्ही जुळवून, आणि कधी मुद्दाम विसंगत: डोळ्याला पॉलिशचं हळकुंड, बोटाला बिनपॉलिशचं. क्रम प्रत्येकासाठी बदला. विसंगत जोड्यांतली उत्तरं सगळ्यांत मोलाची, कारण डोळा आणि बोट यांत कोणाचं चाललं ते तिथेच दिसतं.

कानात हेडफोन आणि त्यावर सलग खरखरीचा आवाज लावा, हे टाळू नका. वेइक्को यूस्मॅकी आणि रिइटा हारी यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हात एकमेकांवर चोळतानाचा आवाज बदलून ऐकवला, तर माणसाला स्वतःची त्वचाच कागदासारखी कोरडी वाटू लागते. कंपकाची घूं-घूं कानावर पडली तर तुम्ही स्पर्श नव्हे, कान मोजताय. बोटालाही अधूनमधून विश्रांती द्या. सलग कंपनाने त्वचा बधिर होते आणि उत्तरं बिघडत जातात. घाम आला तर बोट पुसायला फडकं जवळ ठेवा.

कंपकाला न जमणारं

थंडपणा, ओलसरपणा, चिकटपणा आणि मऊपणा कंपन देऊ शकत नाही. घोंगडी अवघड जाते ती यामुळेच: खरखर येते, पण बोट टेकतं ते कठीण सनमायकावर. अशा वेळी खालची वस्तूच बदला. घोंगडीसाठी हिरव्या कापडाखाली फोमचा पातळ थर घाला. तिथे पिएझोचा आवाज कमी येईल, तर त्याची पातळी नव्याने ठरवा. काळ्या दगडासाठी सनमायकाऐवजी हिरव्या रंगाने रंगवलेली शहाबादी फरशी घ्या. गारवा आणि जडपणा फरशीचा, पोत तुमचा. लाकडासाठी प्लायवूड पुरतं. ट्रान्सड्युसर तोच, कार्यक्रम तोच. पोतांच्या यादीत फक्त एक रकाना वाढवायचा, की या पोताखाली कुठली फळी ठेवायची.